महामंदीतली भित्तिचित्रं जपायची कशी: सॅन फ्रान्सिस्कोच्या भिंतींवरून

डिसेंबर १९३३ ते जून १९३४ या जेमतेम सहा-सात महिन्यांत अमेरिकी सरकारच्या 'पब्लिक वर्क्स ऑफ आर्ट प्रोजेक्ट'ने तीन हजारांहून जास्त बेकार चित्रकारांना पगारी काम दिलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉइट टॉवर या मनोऱ्यातली भित्तिचित्रं हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं काम. १९३५मध्ये फेडरल आर्ट प्रोजेक्ट सुरू झाला. पोस्ट ऑफिसांसाठी ट्रेझरी खात्याचा 'सेक्शन' हा विभाग वेगळा चालत होता. १९४३पर्यंत शाळा, पोस्टं आणि सरकारी कचेऱ्यांच्या भिंती चित्रांनी भरल्या. अमेरिकेत पासपोर्टच्या अर्जासाठी एखाद्या जुन्या पोस्टात रांगेत उभे राहिला असाल, तर पोस्टमास्तरच्या दारावरचं असं एखादं चित्र तुम्ही पाहिलंही असेल.

हे मार्गदर्शन अशा इमारतींची देखभाल करणाऱ्यांसाठी आणि शाळा समितीवर किंवा वारसा समितीवर बसणाऱ्यांसाठी आहे. प्रत्यक्ष रंगाला हात लावायचं काम प्रशिक्षित संवर्धकाचं. पण चित्राचं भवितव्य बहुतेक वेळा संवर्धक येण्याआधीच ठरलेलं असतं: छपराची गळती कुणी बुजवली, सफाई कामगाराला काय सांगितलं, ठेकेदाराने ड्रिल कुठे मारलं, यावर. म्हणून भिंतीकडे आधी बघायचं, चित्राकडे नंतर.

चित्राची जात ओळखा

एका जातीला चालणारा उपाय दुसरीला मारतो, म्हणून ही पायरी टाळू नका. सॅन फ्रान्सिस्कोत मुख्य जाती सगळ्या सापडतात.

पहिली जात ओल्या चुन्यावरच्या फ्रेस्कोची. कॉइट टॉवरचा बहुतेक तळमजला, बीच शॅले या इमारतीतली ल्युसिअन लाबोची चित्रं आणि जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलमधली व्हिक्टर आर्नाटॉफची १९३६ची चित्रं या जातीची. यात रंग फक्त पाण्यात कालवून ओल्या गिलाव्यावर लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो आणि रंगाचे कण त्या स्फटिकांत अडकतात. वेगळा डिंक किंवा तेल नसतं. ओळखायची खूण अशी: दिवे मालवून एक बॅटरी भिंतीलगत, दहा-पंधरा अंशांच्या कोनात धरा. एका दिवसात जेवढा गिलावा रंगवला, त्या तुकड्यांचे सांधे आकृत्यांच्या कडेने दिसतात.

दुसरी जात कॅनव्हासवरच्या तैलचित्राची. चित्रकाराने स्टुडिओत रंगवून कॅनव्हास भिंतीला चिकटवलेला असतो. पोस्टांतली बहुसंख्य चित्रं अशी आहेत, आणि कॉइट टॉवरच्या लिफ्टसमोरच्या भागातही काही आहेत. तिरक्या उजेडात कापडाची वीण दिसते, कडेला लाकडी पट्टी असते. चिकटवायला त्या काळी सफेद्याची, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगाची, पेस्ट वापरत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तिसरी जात कोरड्या भिंतीवरची, केसीन (दुधातलं प्रथिन) किंवा अंड्याच्या बलकातल्या रंगांची. रिंकन अ‍ॅनेक्स या जुन्या पोस्टातली अँटन रेफ्रेजिएची २७ चित्रं पांढऱ्या अस्तरावर केसीनने रंगवलेली आहेत. कॉइट टॉवरमध्ये वरच्या मजल्यावरची जेन बर्लँडिनाची खोली अंड्याच्या रंगातली. ही जात सगळ्यात नाजूक. रंग मॅट असतो, बोट फिरवलं तरी चमक उमटते, आणि पाण्याचा थेंब पडला तर डाग कायमचा.

आणखी एक गोम. फ्रेस्को म्हणून नोंदलेल्या चित्रातही चित्रकाराने शेवटचे हात सुकल्यावर मारलेले असू शकतात, विशेषतः निळ्या आणि गडद भागांत. बाकी चित्र ओलसर बोळ्याला दाद देत नाही आणि हा भाग मात्र बोळ्यावर उतरतो. म्हणून चाचणी चित्राची एकदा नाही, प्रत्येक रंगाची वेगळी करायची.

मालक कोण, हे लेखी घ्या

पोस्टातलं चित्र सहसा पोस्ट खात्याचं. इमारत विकली तरी चित्राची मालकी खातं स्वतःकडे ठेवतं आणि नव्या मालकाशी करार करतं. शाळा किंवा नगरपालिकेच्या इमारतीत मामला गुंतागुंतीचा होऊ शकतो, कारण फेडरल पैशाने झालेल्या कामांवर जनरल सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेचा हक्क निघू शकतो. काम सुरू करण्याआधी त्यांच्या कला विभागाला पत्र टाका. फेडरल पैसा किंवा परवानगी लागणार असेल, तर १९६६च्या ऐतिहासिक वारसा कायद्याचं कलम १०६ लागू होतं आणि त्याच्या सल्लामसलतीला वेळ लागतो. तो वेळापत्रकात आधीच धरा.

जुनी कागदपत्रं नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत: सेक्शनची आणि १९३३-३४च्या योजनेची रेकॉर्ड ग्रुप १२१मध्ये, डब्ल्यूपीएची (फेडरल आर्ट प्रोजेक्ट जिच्याखाली चालला ती सरकारी रोजगार यंत्रणा) ६९मध्ये. तिथे चित्रकाराने वापरलेल्या सामानाचा पत्रव्यवहार आणि कृष्णधवल फोटो मिळू शकतात. मूळ फोटो हाताशी असला, की कुठला भाग नंतर कुणी रंगवला ते तासाभरात कळतं.

पाणी

चुन्याच्या चित्राचा शत्रू पाणी, आणि ते नेहमी समोरून येत नाही. कॉइट टॉवर १९३३चा, २१० फूट उंच, काँक्रीटचा, आणि समुद्राच्या वाऱ्यात टेकडीवर उभा. अशा बांधकामात पावसाचं पाणी बारीक भेगांतून आत शिरतं, भिंतीच्या पोटातून खाली उतरतं आणि शिरलं त्या जागेपासून बरंच खाली चित्रावर प्रकट होतं. डाग दिसतो तिथे भोक शोधू नका. वर जा.

शोधायचा क्रम असा ठेवा. आधी छप्पर आणि पन्हळी, मग खिडक्यांचे सांधे, मग भिंतीतून जाणारे पाइप, मग वरच्या मजल्यावरचं स्वच्छतागृह आणि मोऱ्या. जुन्या शाळांत चित्रामागच्याच भिंतीला झाडूवाल्याची खोली आणि बेसिन असतं, ते बघायला लोक विसरतात. ओलावा मोजायचं यंत्र भिंतीच्या मागच्या बाजूने लावा. सुया खुपसणारं यंत्र चित्रावर कधीच नाही. थर्मल कॅमेरा मिळाला तर सकाळी इमारत तापायच्या आधी वापरा, ओला भाग थंड दिसतो.

गळती नसतानाही भिंत ओली होते. साधा हिशेब: खोलीत हवा २२ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे १५ अंश. बाहेरच्या धुक्याने भिंत १४ अंशांवर गेली असेल, तर दहा-वीस पर्यटकांच्या श्वासातली वाफ चित्रावर पाणी होऊन बसणार. म्हणून हवेचं तापमान आणि आर्द्रता नोंदणारी दोन छोटी यंत्रं आणि भिंतीच्या पृष्ठभागाचं तापमान घेणारं एक, अशी दर अर्ध्या तासाला नोंद करणारी जोडणी पूर्ण वर्षभर ठेवा. चार आठवड्यांच्या नोंदीवर हीटिंगची यंत्रणा बदलायचा निर्णय घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. आकडा नेमका ५० टक्के हवा असा हट्ट नको. रोजचा चढउतार कमी हवा, तो जास्त महत्त्वाचा.

गळती बुजवल्यावर लगेच चित्र दुरुस्त करायला घेऊ नका. जाड काँक्रीट सुकायला महिने लागतात, कधी वर्षही. पंखे किंवा हीटर लावून भिंत घाईने सुकवली, की आतले क्षार एकदम पृष्ठभागाकडे धावतात आणि रंगाचा थर उचलून टाकतात.

लोणा लागला तर

कोकणातल्या घराच्या भिंतीला लागतो तोच लोणा. पाण्यात विरघळलेले क्षार भिंतीतून वर येतात आणि पाणी उडून गेलं की स्फटिक बनतात. पृष्ठभागावर पांढरा पिसासारखा थर आला तर नशीब चांगलं समजा. रंगाच्या आतल्या बाजूला स्फटिक झाले, तर रंग पोपड्यासारखा उचलला जातो आणि मागे पीठ उरतं. सोडियम सल्फेट सगळ्यात वाईट, कारण आर्द्रता वर-खाली झाली की ते पाणी घेतं आणि सोडतं, आणि प्रत्येक फेरीत फुगून भिंत फोडतं. सल्फेटचा पुरवठा बहुतेक वेळा पोर्टलंड सिमेंटातून किंवा जुन्या डागडुजीतल्या प्लास्टर ऑफ पॅरिसमधून होतो.

पांढरं दिसलं की ओला फडका मारायची इच्छा होते. मारू नका. क्षार विरघळून परत आत जातील आणि पुढच्या वेळी आणखी खोलवरून रंग ढकलतील. मऊ, शेळीच्या केसांच्या कुंचल्याने कोरडंच झाडा, खाली कागद धरा, पडलेली पूड बाटलीत भरून तारीख आणि जागा लिहा. थोडी पूड डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून नायट्रेट, सल्फेट आणि क्लोराइडच्या चाचणीपट्ट्या बुडवल्या की कारण कळतं. नायट्रेट जास्त असेल तर सांडपाण्याचा संशय घ्या, क्लोराइड असेल तर समुद्राची हवा किंवा सफाईतलं ब्लीच.

क्षार ओढून काढायचा लेप संवर्धकच लावतो: आधी जपानी कागद, त्यावर डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेला सेल्युलोजचा लगदा, एक ते दोन सेंटिमीटर जाड, सुकेपर्यंत एक-दोन दिवस. काढलेल्या लगद्याची विद्युतवाहकता मोजतात. दुसऱ्या-तिसऱ्या लेपाला आकडा उतरत नसेल तर पाणी अजून येतंय, लेप थांबवून परत छपराकडे जायचं.

झाडणं, पुसणं आणि वार्निश

वर्षातून एकदा कोरडी धूळ काढणं इमारतीच्या माणसांना शिकवता येतं, पण फक्त घट्ट फ्रेस्कोवर आणि संवर्धकाने जागा दाखवून दिल्यावर. मऊ कुंचल्याने वरून खाली झाडायचं. दुसऱ्या हातात बारीक गाळणीचा व्हॅक्यूम धरायचा, त्याच्या तोंडाला जाळीचं कापड बांधायचं आणि तोंड भिंतीपासून चार-पाच सेंटिमीटर दूर ठेवायचं. जाळीवर रंगाचा कण अडकला तर काम तिथेच थांबवून जागेचा फोटो काढायचा. केसीनच्या चित्राला हेही नको.

काजळी आणि सिगारेटचा पिवळा थर यांच्यासाठी संवर्धक आधी कोरडा रबरी स्पंज चालतो का बघतात, मग एका कोपऱ्यात एक सेंटिमीटर चौरसात डिस्टिल्ड पाण्याने जेमतेम ओलसर केलेला बोळा फिरवतात. बोळा घासायचा नाही, लोळवायचा. फ्रेस्को म्हणजे चुनखडी, तेव्हा व्हिनेगर, लिंबू किंवा बाथरूमचा क्लीनर तिला सरळ खातो. बॉलपेनच्या रेघेवर अल्कोहोल लावलं तर शाई पसरून भिंतीत उतरते. च्युइंगगम ओढू नका, रंगासकट येईल.

आणि वार्निश नको. याचा धडा महाराष्ट्रातच आहे. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटलीहून संवर्धक बोलावले. त्यांनी सुटे भाग पक्के केले ते बरं झालं, पण वरून लाखेचं वार्निशही फासलं. ते पिवळं पडलं, धूळ धरून बसलं, आक्रसलं तसा खालचा रंग ओढू लागलं, आणि ते काढण्यात पुरातत्त्व खात्याची पुढची कित्येक दशकं गेली. 'चित्राला संरक्षक थर देऊ' असं म्हणणारा ठेकेदार आजही भेटतो. फ्रेस्को आणि केसीन दोन्ही श्वास घेणाऱ्या भिंतीवर आहेत. त्यांवर ॲक्रिलिकचा थर दिला की ओल मागे अडकते आणि मॅट चित्र ऑइलक्लॉथसारखं चकाकतं.

पोकळ गिलावा

बोटाच्या पेराने हलकेच टकटक करा. भरीव भाग बद्द वाजतो, सुटलेला भाग घुमतो. चित्राच्या फोटोवर पारदर्शक प्लास्टिक ठेवून पोकळ भाग एका रंगाने, तडे दुसऱ्या रंगाने, सुटणारे पोपडे तिसऱ्या रंगाने आखा. तारीख घाला. पुढच्या वर्षी त्याच माणसाने परत आखलं, की काय वाढतंय ते स्पष्ट होतं. पोकळ म्हणजे लगेच पडणार असं नाही. नव्वद वर्षं घुमत असलेला गिलावा आणखी बरीच वर्षं टिकेल, पण शेजारी भूकंपरोधक कामासाठी ड्रिल चालणार असेल तर त्याला आधी आधार हवा.

भरायची पद्धत साधारण अशी. आधीच रंग उडालेल्या जागेतून दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं, आतली धूळ ओढून घ्यायची, मग पाणी आणि अल्कोहोल निम्मे-निम्मे मिसळून पिचकारीने आत सोडायचं. हे न केल्यास कोरडा गिलावा भरणाचं पाणी शोषून घेतो आणि भरण तोंडाशीच अडकतं. मग हायड्रॉलिक (पाण्यातही घट्ट होणारा) चुना एक भाग आणि बारीक दगडाची पूड एक ते दोन भाग, पातळ करून, खालच्या भोकातून सुरू करून वर. एका वेळी थोडंच, कारण ओल्या भरणाचं वजनच गिलावा पाडू शकतं. समोरून फोम लावलेली फळी हलक्या दाबाने टेकवून ठेवायची. सिमेंट आणि प्लास्टर ऑफ पॅरिस वर्ज्य. सिमेंट चुन्यापेक्षा कडक असतं, म्हणून पुढचा तडा त्याच्या कडेने मूळ चित्रात जातो.

मोकळ्या जागी चुना-वाळूची पुट्टी भरून घेतली की रंग फक्त त्या जागेपुरता, जलरंगाने, पुढे काढता येईल असा. जुन्या रंगावर एक रेघही चढवायची नाही.

कॅनव्हास सुटला तर

फुगा आलेला दिसला की फेविकॉलसारखा पांढरा गोंद सिरिंजने भरायचा मोह टाळा. तो पुढे निघत नाही आणि ओलाव्याने कॅनव्हास आक्रसतो. खिळा किंवा स्टेपल तर नाहीच. लोंबणारा कोपरा तात्पुरता धरायचा असेल, तर संवर्धक येईपर्यंत खालून मऊ आधार द्या आणि लोकांना दूर ठेवा.

इमारत पाडायची किंवा भिंत उघडायची असेल, तर कॅनव्हास उतरवता येतो. समोरून जपानी कागद गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने चिकटवतात (रंग पाण्याला सोसतो याची चाचणी झाल्यावरच), मग कडेपासून लांब, पातळ, बोथट पात्याने सफेद्याचा थर भिंतीपासून सोडवत जातात. तो थर ठिसूळ असेल तर काम भराभर होतं, अजून चामट असेल तर इंच-इंच. काही ठिकाणी गिलाव्याचा वरचा थर सोबत येतो. येऊ द्यायचा, तो टेबलावर मागून काढता येतो. गुंडाळताना नळी निदान ३० सेंटिमीटर व्यासाची, शक्यतो त्याहून मोठी, आणि रंगाची बाजू बाहेर. आत ठेवली तर रंग चेपून सुरकुततो.

ही सगळी धूळ शिशाची असते. शाळेत हे काम सुट्टीतच, जागा प्लास्टिकने बंद करून, योग्य मास्क आणि गाळणीचा व्हॅक्यूम घेऊन, शिशाच्या कामाचा परवाना असलेल्यांकडून. कोरडा झाडू मारायचा नाही.

फ्रेस्को उतरवणं हे वेगळंच प्रकरण आहे: बहुधा भिंतच पोलादी चौकटीत धरून कापावी लागते. खर्च ऐकून समित्यांचे डोळे पांढरे होतात, पण तो इमारतीच्या आराखड्याच्या वेळीच काढा.

माणसं, मॉप आणि ठेकेदार

कॉइट टॉवरच्या चिंचोळ्या वाटेत चित्रांना सगळ्यात जास्त धोका खांद्यांचा आणि पाठीवरच्या बॅगांचा. २०१४मध्ये डागडुजी करून तो पुन्हा उघडला, तरी गर्दी आणि भिंत यांच्यातलं अंतर हाच तिथला कायमचा प्रश्न आहे. जागा असेल तिथे चित्रापासून ९० सेंटिमीटरवर कठडा ठेवा. नसेल तर एका वेळी आत सोडायच्या माणसांची संख्या कमी करा आणि बॅगा बाहेर ठेवायला लावा. ॲक्रिलिकची पारदर्शक पाटी लावायचीच असेल, तर भिंतीपासून मोकळी, वर-खाली हवा खेळेल अशी. बंद पेटीत ओल साठते, आणि स्थिर विजेने सुटे कण पाटीला चिकटतात.

फरशी पुसताना भिंतीलगतची १५-२० सेंटिमीटरची पट्टी फक्त पिळलेल्या फडक्याने, हाताने. मॉपचे साबणी शिंतोडे चित्राच्या खालच्या कडेला क्षार पुरवतात. म्हणूनच बहुतेक चित्रं तळापासून खराब होत येतात. रेडिएटर चित्राखाली असेल तर त्याच्या वर आडवी पट्टी लावा, गरम हवा भिंतीपासून दूर वळेल आणि काजळीचे ओघळ थांबतील. दिवे एलईडी, तैलचित्र आणि केसीनवर २०० लक्सच्या आत.

बांधकाम चालू असताना चित्रासमोर प्लायवूडची पेटी उभारा: चौकट जमिनीवर उभी, चित्राला कुठेही न टेकणारी, मध्ये निदान पाच सेंटिमीटर हवा, आणि प्लास्टिकऐवजी वाफ जाऊ देणारं कापड. मास्किंग टेप चित्रावर किंवा त्याच्या कडेवर चिकटवायची नाही. हे ठेकेदाराच्या करारात लिहा, आणि नुकसान झाल्यास काम कोण थांबवणार त्याचा हुद्दाही लिहा.

चित्रच नको असेल तेव्हा

या चित्रांवर वाद नवे नाहीत. रिंकन अ‍ॅनेक्सची चित्रं काढून टाकावीत म्हणून १९५३मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे (संसदेपुढे) सुनावणी झाली, चित्रं राहिली. वॉशिंग्टन हायस्कूलच्या चित्रांत गुलाम माणसं आणि मृत मूळनिवासी दाखवलेले आहेत. शाळा मंडळाने २०१९मध्ये ती रंगवून टाकायचं ठरवलं, मग फळ्यांनी झाकायचं. २०२१मध्ये कोर्टाने मंडळाने पर्यावरण कायद्याची प्रक्रिया पाळली नाही असं म्हटलं आणि निर्णय मागे पडला.

बाजू कुठलीही असो, तांत्रिक सल्ला एकच: झाकायचंच ठरलं तर वरच्या पेटीच्या नियमांनी झाका, दर सहा महिन्यांनी आत बघता येईल असं दार ठेवा, आणि रंग फासू नका. फासलेला रंग कधीकधी निघतो. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरचं जेम्स ब्रुक्सचं चित्र १९५२मध्ये रंगाखाली गेलं आणि १९८०मध्ये परत उघडलं गेलं. पण केसीनवर ऑइलपेंट मारल्यावर ते जमेल असं धरून चालू नका. तुमच्या इमारतीत पांढऱ्या भिंतीखाली जुनं चित्र असल्याचा संशय असेल, तर पटाशी उचलू नका. संवर्धकाला नखाएवढा नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजू द्या.

वर्षाचं वेळापत्रक

पावसाळा संपताना, म्हणजे कॅलिफोर्नियात एप्रिलच्या सुमारास, छप्पर आणि पन्हळींची पाहणी. मेमध्ये टकटक आणि आखणी. प्रत्येक पाहणीत त्याच जागांचे, त्याच कोनातून, रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवून फोटो: एक समोरून, एक तिरक्या उजेडात. संवर्धक अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर कॉन्झर्व्हेशनच्या यादीतून शोधा आणि भित्तिचित्रांचाच अनुभव असलेला निवडा. चौकटीतली तैलचित्रं दुरुस्त करणारा चांगला माणूस भिंतीच्या क्षारांत अडकतो. निवडलेल्या संवर्धकाकडून येणाऱ्या अहवालात वापरलेल्या प्रत्येक पदार्थाचं नाव, प्रमाण आणि जागा मागून घ्या. एक प्रत शहराच्या दप्तरात, एक इमारतीतच, बॉयलर आणि नळांच्या नकाशांसोबत ठेवा. रात्री पाइप फुटला की पहारेकरी तेच कपाट उघडतो.